आठ नंबरचे बूट

आमच्या डॉर्मिटरीत प्रत्येकाच्या पलंगाखाली बूट एका ओळीत लावलेले असतात. ड्रिलचे काळे बूट, वर्गात घालायचे काळे बूट आणि पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज हे तीन जोड सगळ्यांचे सारखेच. चौथा जोड मात्र घरून आणलेला असतो. रविवारी बास्केटबॉल खेळताना आणि आऊटपासवर ब्रिगेड रोडला फिरताना तोच पायात असतो. गणवेशात आम्ही सगळे एकसारखे दिसतो, त्यामुळे कोण कुणापेक्षा भारी हे ठरवायला आमच्याकडे या चौथ्या जोडाशिवाय दुसरं काहीच नसतं.

अकरावीपर्यंत माझा चौथा जोड म्हणजे साताऱ्याच्या बाजारातून आणलेले साधे कापडी बूट होते. त्यांच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नसेल.

गेल्या वर्षी जुलैमध्ये चित्र बदललं. माझा आतेभाऊ बंगळूरमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. आऊटपासला त्याच्याकडे गेलो, तर त्याने कपाटातून एक खोका काढून माझ्यासमोर ठेवला. आत काळेकुट्ट एअर जॉर्डन होते. घोट्यापर्यंत उंच, कॉलरच्या बाजूला पंखांचं चिन्ह, हाताला लोण्यासारखं लागणारं कातडं. तो म्हणाला, "दोनदाच घातलेत रे, मला सैल होतात. तुझा नंबर आठ ना? घेऊन जा." मी "नको, नको" म्हणत खोका छातीशी धरला. त्या रात्री लाइट्स आऊट झाल्यावर टॉर्चच्या उजेडात मी ते पुन्हा एकदा पाहिले, हे आज कबूल करतो.

खोक्यावर जॉर्डनच्या नावापुढे 'झूम' आणि 'सीएमएफटी' अशी अक्षरं होती. तेव्हा त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. सीएमएफटी म्हणजे कम्फर्ट, आराम. ती चार अक्षरं मी नीट वाचली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुढचे तीन आठवडे मी हाऊसमध्ये राजासारखा वावरलो. ज्युनियर मुलं "सर, ओरिजिनल आहेत का?" म्हणून विचारायची. सरावाला उतरलो की ढगावर चालल्यासारखं वाटायचं. आमचे पीटी उस्ताद तेवढे खूश नव्हते. त्यांनी एकदा खाली वाकून बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, ये चलने का जूता है, खेलने का नहीं." मला हसू आलं. बास्केटबॉलच्या जगातला सगळ्यांत प्रसिद्ध बूट माझ्या पायात, आणि उस्ताद म्हणतात तो खेळायचा नाही! त्यांना ब्रँडमधलं काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती.

ऑगस्टमध्ये आंतर-हाऊस स्पर्धेचा उपांत्य सामना होता. सकाळी पाऊस पडून गेला होता, तरी सिमेंटचं कोर्ट दुपारपर्यंत वाळलं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. चेंडू माझ्या हातात आला. मी उजवीकडे जाण्याचा आव आणला आणि झटकन डावीकडे वळलो. शरीर वळलं, पण उजवा पाय बुटाच्या आत बाहेरच्या कडेला कलंडला. 'कट' असा आवाज मला तरी ऐकू आला. मी खाली बसलो आणि उठलोच नाही. सामना आम्ही सात गुणांनी हरलो. आमच्या कॅप्टनचं ते शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. तो एमआय रूममध्ये येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हाड मोडलं नव्हतं, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा लिगामेंट ताणला गेला होता. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच आणि तीन आठवडे पीटी बंद.

दुसऱ्या दिवशी उस्ताद भेटायला आले. येताना एका हातात माझा जॉर्डन आणि दुसऱ्या हातात स्टोअरमधला कोर्टवर खेळायचा एक साधा जुना बूट होता. रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी दोन्ही बूट माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "पिळून बघ." कपडा पिळतात तसे मी दोन्ही बूट पिळले. जॉर्डन सहज वळला. जुना बूट फक्त पुढे, बोटांच्या सांध्यापाशी वाकला, मधोमध जराही वळेना. मग त्यांनी टाचेची मागची बाजू दाबायला लावली. माझ्या बुटाची मऊ, उशी भरल्यासारखी. जुन्याची कडक, टाच दोन्हीकडून धरून ठेवणारी. शेवटी तळ पाहिला. माझ्या बुटाच्या तळात जाड फोम होता, कडेने दाबला की दबणारा. जुन्या बुटात पाय जमिनीलगत बसत होता आणि तळाची बाहेरची कड थोडी रुंद होती.

उस्तादांचं म्हणणं थोडक्यात असं. चालताना पाय पुढे-मागे जातो, म्हणून चालायच्या बुटाने टाचेचा धक्का गिळला की त्याचं काम झालं. बास्केटबॉलमध्ये पाय आडवा पळतो, थांबतो, वळतो, उडी मारून खाली येतो. तिथे बुटाने पायाला हलू द्यायचं नसतं. आडवा जोर आला की मऊ फोम एका बाजूने दबतो आणि त्याच्यावर उभा असलेला पाय कलंडतो. उंच कॉलर पाहून पोरांना वाटतं घोटा सुरक्षित आहे. कॉलर मऊ असेल तर ती नुसती शोभेची. घोटा वाचवतात ते पोटरीचे स्नायू आणि सराव.

जाताना त्यांनी कंठीरवा स्टेडियमची गोष्ट सांगितली. 2017 च्या जुलैमध्ये महिलांच्या आशिया कपचे सामने आपल्या बंगळूरमध्येच झाले. पुण्याची शिरीन लिमये त्या भारतीय संघात होती. 'ब' विभागाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75–73 असं हरवलं. उस्ताद म्हणाले, "दो पॉइंट! इतने में एक पैर फिसला, तो कप गया." मग माझ्या बँडेजकडे बघून गप्प झाले.

पीटी बंद असल्यामुळे मला लायब्ररीत बसायला भरपूर वेळ मिळाला. पडून पडून एकच विचार यायचा: जो बूट जॉर्डनने घालून खेळला, तो खेळायचा नाही असं कसं? म्हणून जे मिळेल ते वाचलं.

या सगळ्याची सुरुवात कॅनव्हास आणि रबरापासून होते. कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार हा बूट 1917 चा. आपल्या पीटी शूजचा लांबचा चुलता म्हणा ना. अर्धं शतक बास्केटबॉल अशाच कापडी बुटांवर खेळला गेला. 1982 मध्ये नाइकीने एअर फोर्स 1 आणला. नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानावरून घेतलेलं, आणि तळात हवेची पिशवी बसवलेली. ही हवेची कल्पना फ्रँक रूडी नावाच्या एका विमान-अंतराळ क्षेत्रातल्या इंजिनियरची. 1985 मध्ये पहिला एअर जॉर्डन दुकानात आला, किंमत 65 डॉलर. त्याच्या आधी बास्केटबॉलचे बूट बहुतेक पांढरे असत. हा लाल-काळा बूट अमेरिकेतल्या पोरांनी डोक्यावर घेतला.

पण माझ्या कामाची गोष्ट पुढेच सापडली. 8 मार्च 1998 रोजी मायकेल जॉर्डन न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळायला उतरला, तेव्हा त्याने मुद्दाम 1985 चे तेच जुने बूट घातले होते. त्याने 42 गुण केले आणि सामना जिंकला. पण त्या बुटांनी त्याचे पाय सोलून निघाले, मोजे रक्ताने भरले. तेरा वर्षांत बूट इतके सुधारले होते की, ज्याच्या नावाने तो बूट होता त्यालाही तो सोसवेना.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुना बूट खेळाच्या मैदानावरून कधीच निवृत्त झाला होता. आता लोक तो घालून ऑफिसला जातात, मेट्रोत उभे राहतात, मॉलमध्ये फिरतात. त्यांना रूप जुनं हवं, पण पाय दुखायला नको. कंपन्यांनी तेच केलं. वरचा चेहरा 1985 चा ठेवला आणि आत कातडं मऊ केलं, कॉलरमध्ये जास्त फोम भरला, तळात झूम एअर घातलं. झूम एअर म्हणजे दाबून भरलेल्या हवेची चपटी पिशवी, जिच्या आत ताणलेले धागे असतात. पाय पडला की ती दबते आणि लगेच मूळच्या आकारात येते. कॉन्व्हर्सनेही 2015 मध्ये आपल्या जुन्या कापडी बुटाची मऊ तळाची आवृत्ती काढली होती. म्हणजे बुटाने मला फसवलं नव्हतं. तो कशासाठी आहे हे खोक्यावरच लिहिलं होतं. मी फक्त चेहरा पाहिला आणि काम विचारलं नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं की मऊ बूट म्हणजे शहरी लोकांचे लाड, आपल्यासारख्या पोरांसाठी नव्हेत. तेवढ्यात रविवारी आप्पा आले.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक तरी माणूस फौजेत. निवृत्तीनंतर आप्पांना शेती बघत गावीच राहता आलं असतं. पण मला इथे प्रवेश मिळाला आणि त्यांनी बंगळूरमध्येच सिक्युरिटीची नोकरी धरली, व्हाइटफील्डकडच्या एका टेक पार्कच्या गेटवर. आई आणि धाकटी बहीण गावी, आप्पा इथे आणखी दोन माजी सैनिकांबरोबर एका खोलीत. महिन्यातून एका रविवारी मेट्रोने येतात, मला भेटतात, मेसच्या जेवणाची चौकशी करतात आणि परत ड्यूटीवर जातात. बारा तासांची ड्यूटी, त्यातला बहुतेक वेळ उभं राहायचं.

त्या दिवशी ते माझ्याजवळ बाकावर बसले, पायाला बँडेज पाहून "काय रे, लढाई करून आलास का?" म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी सवयीने बूट काढून बाजूला ठेवले. ड्यूटीचे काळे बूट, पॉलिश असं की तोंड दिसावं. उठून पाण्याची बाटली भरायला गेले तेव्हा मी पाहिलं, ते टाच टेकवत नव्हते. चवड्यावर, जरा तिरकं चालत होते. ज्या माणसाच्या चालीवरून आमच्या गल्लीत घड्याळ लावायचे, तो माणूस असा चालतोय!

माझं लक्ष त्यांच्या बुटात गेलं. आत टाचेच्या जागी निळं काहीतरी दिसलं. हात घालून काढलं, तर तो जुन्या रबरी स्लिपरचा तुकडा होता. ब्लेडने टाचेच्या आकारात गोल कापलेला, कडा घासून गुळगुळीत केलेला. दुसऱ्या बुटातही तसाच.

"आप्पा, हे काय?"

"काही नाही रे. जरा टाच धरते सकाळी उठल्यावर. ईसीएचएसच्या डॉक्टरांना दाखवलंय. तळपायाची नस सुजलीय म्हणाले. मऊ तळाचे बूट घाला, पोटरी ताणायचा व्यायाम करा."

"मग घेतले का नाहीत?"

"घेऊ की. तुझ्या कोचिंगचं होऊ दे आधी. तोवर ही जुगाड बरी आहे."

मी तो निळा तुकडा हातात धरून बसलो. ज्या कल्पनेला मी शहरी लाड म्हणत होतो, तीच आप्पांनी मोडक्या स्लिपरमधून ब्लेडने कापून काढली होती. वरून कडक, पॉलिश केलेला, नियमात बसणारा बूट आणि आत मऊ रबर. एनडीएच्या कोचिंगची फी माझ्या नावावर आणि टाच त्यांची.

आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की 1962 च्या युद्धात आपले अनेक जवान सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून हिमालयात उभे होते. ते धैर्यात कुठे कमी पडले नाहीत, पण बर्फाला धैर्य कळत नाही. तेव्हा वर्गात मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. अर्थ त्या दिवशी कळला. कामाला योग्य बूट मागणं म्हणजे नाजूकपणा नव्हे. डोंगरावरच्याला डोंगराचा, कोर्टवरच्याला कोर्टचा, आणि बारा तास फरशीवर उभं राहणाऱ्याला उभं राहण्याचा.

मी लंगडत पलंगाखालून जॉर्डन काढून आणले.

"घालून बघा."

"हे? माझ्या वयाला शोभतात का असले बूट! पोरं हसतील गेटवर."

"काळे आहेत, आप्पा. पँटखाली कॉलर झाकली जाते. आणि नंबर आठच आहे."

"तुझ्या दादाने तुला दिलेत. तू काय घालणार?"

"मला हे चालणार नाहीत. उस्तादांनी सांगितलंय." मग मी त्यांना बूट पिळून दाखवला, टाच दाबायला लावली, झूम एअर समजावून सांगितलं. जे उस्तादांनी मला शिकवलं तेच मी उलट बाजूने सांगत होतो. कोर्टवर जे दोष होते, तेच त्यांच्या टाचेला औषध होतं.

आप्पांनी शेवटी बूट चढवले, नाडी बांधली, उभे राहिले. टाच टेकवली. पुन्हा उचलून टेकवली. मग काही न बोलता बाकापासून भिंतीपर्यंत चालत गेले आणि वळले. वळण मात्र अगदी परेडचं होतं!

"अरे," ते म्हणाले, "खालची जमीन कुणी बदलली का काय?"

बापाची चप्पल पोराच्या पायाला येऊ लागली की पोराला मित्रासारखं वागवावं, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरी ते उलटं झालं, पोराचा बूट बापाच्या पायात गेला. पण त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी थोडं वेगळं बोलतात हे खरं. पगार किती, खोलीचं भाडं किती, गावाकडे किती पाठवतात, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. टाच दुखते हेही आता लपवत नाहीत.

गेटवर काय झालं तेही सांगतो. सुपरवायझरने पहिल्या दिवशी वरून खाली पाहिलं, बूट काळे आहेत, पॉलिश आहे, म्हणून पुढे गेला. हसली ती ऑफिसातली तरुण पोरं, पण कौतुकाने. एकाने विचारलं, "अंकल, ओरिजिनल आहेत का?" आप्पांनी उत्तर दिलं, "बूट माहीत नाही, पाय ओरिजिनल आहेत." आणि ते निळे रबरी तुकडे त्यांनी फेकले नाहीत. खोलीतल्या दुसऱ्या गार्डच्या बुटात बसवून दिले.

माझं म्हणाल तर घोटा बरा झाला. उस्तादांनी एका पायावर उभं राहायचा व्यायाम लावून दिला, रोज रात्री दात घासताना मी तो करतो. खेळायला स्टोअरमधला तोच जुना, कडक टाचेचा बूट घेतला. त्याच्याकडे कुणी दोनदा पाहत नाही. यंदाच्या उपांत्य सामन्यात मी चारही क्वार्टर खेळलो. गेल्या वर्षीच्या कॅप्टनला फोन करून निकाल सांगितला, तेव्हा तो आधी "पाय कसा आहे?" असं म्हणाला. वर्षभर मनात अडकलेला काटा तेव्हा निघाला.

मागच्या महिन्यात आऊटपासला मीच व्हाइटफील्डला गेलो. परत येताना आप्पा मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला आले. संध्याकाळची गर्दी, फुटपाथ उखडलेला, वर पावसाची भुरभुर. आम्ही बोलत चाललो होतो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बरोबरीने चालायला मला पाऊल लांब टाकावं लागतंय.